रुटीनचं रक्त

‘रुटीन’ या शब्दाची मला शिसारी येते. आधी हा शब्द मला माहीत नव्हता. चौथीपर्यंत शाळा, पुढे बेचाळीस वर्षं बोटींच्या इंजिनांखाली, तिथे त्याचं काम पडलं नाही. तो शिकलो बायकोच्या आजारात. सुईवाली बाई दंडाला रबर बांधायची, बायको तोंड भिंतीकडे फिरवायची, आणि पुन्हा कशाला रक्त काढता असं मी विचारलं की उत्तर एकच. रुटीन आहे, आजोबा. सकाळी दोन नळ्या, रुटीन. संध्याकाळी एक नळी, तीही रुटीन. एकदा मी तिला म्हटलं, बाई, तुमच्या घरातून रोज कोणी येऊन काहीतरी भरून नेलं तर त्याला तुम्ही काय म्हणाल. ती हसली. मी हसवायला बोललो नव्हतो.

बायको जाऊन पाच महिने झाले. लिहायची मला सवय नाही. पण हे कोणाला सांगायला गेलो की समोरचा मध्येच ‘देवाची इच्छा’ म्हणतो आणि माझं बोलणं तिथेच मरतं. कागद मध्ये बोलत नाही. तिच्या इस्पितळाच्या फायलीत माझ्या तोंडचं एक खोटं लिहिलेलं होतं. ते खोटं, आणि घाट चढून जाऊन मी ते खोडलं तो दिवस, एवढंच मला लिहायचं आहे.

विजयदुर्गाच्या जेटीवर मला मिस्त्री म्हणतात. नावाने कोणी हाक मारत नाही. आता गुडघे गेले म्हणून काम सोडलंय, पण बोटीचं इंजिन अजून आवाजावरून ओळखतो. म्हणून डॉक्टर जेव्हा कागदावर हृदयाचं चित्र काढून मला समजावायला बसला, चार कप्पे, मध्ये झडपा, लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता त्याने डावीकडची झडप आखडली, तेव्हा मी त्याला मध्येच थांबवलं. म्हटलं, वॉल्व्ह बसत नाही आणि गळती होतेय, एवढंच ना. त्याला बरं वाटलं. म्हणाला, अगदी बरोबर, आणि आम्ही तो बदलून धातूचा बसवणार. वॉल्व्ह बदलणं मला नवीन नव्हतं. मी किती बदलले त्याची गणती नाही. त्यामुळे मला भीती वाटायला हवी होती तेवढी वाटली नाही. हीच माझी पहिली चूक.

इंजिन उघडायच्या आधी मी ऑइल बघायचो. पट्टी बाहेर काढायची, तिच्यावरचा थेंब दोन बोटांत घ्यायचा, घासायचा, नाकाला लावायचा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. बोटांवर चांदीसारखी चमक राहिली तर आतला धातू झिजतोय. इंजिन बाहेरून कितीही ऐटीत चालू दे, किती दिवस चालेल ते त्या थेंबात कळायचं. मालकाला मात्र मी ते सांगितलंच असं नाही. नारळी पौर्णिमा तोंडावर, मालक डोक्यावर उभा, खलाशी बर्फ भरून तयार. तो विचारायचा, मिस्त्री, ह्या सीझनाक चलात मां. मी म्हणायचो, चलात. त्याला तेच ऐकायचं असायचं आणि मला घरी जायचं असायचं. म्हणजे आत काय चाललंय ते माहीत असून तोंड मिटून बसणारे लोक कसे असतात ते मला डॉक्टरांकडून शिकायची गरज नव्हती.

आम्हाला मूल नाही. घरात दोघंच. तिला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची, पाय संध्याकाळी सुजायचे, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. घाटावरच्या मोठ्या इस्पितळात नाव घातलं होतं आणि खर्चासाठी सरकारी कार्डाची मंजुरी यायची होती. त्यात सहा महिने गेले. तेवढ्या काळात दर महिन्याला रक्त. ते कागद माझ्याकडे असायचे. इंग्रजी मला अक्षरं ओळखण्यापुरतं येतं, तेही पार्टांच्या डब्यांवरून. डब्यावर L असेल तर पार्ट डावा, R असेल तर उजवा. तिच्या पहिल्याच कागदावर दोन आकड्यांपुढे L छापलेला होता. R कुठेच नव्हता. मी विचार केला, झडप डावीकडची, तेव्हा हे डाव्या बाजूचं रक्त. माझंच मला कौतुक वाटलं. पडवीत ती कोकमं पसरत बसली होती, तिथे जाऊन मी तिला कागद दाखवला आणि चेष्टेत म्हटलं की बघ, तुझं रगत पण डावखुरं आसा.

ती हसली नाही. कागद घेतला, त्या अक्षराकडे बघत राहिली. तिला ते वाचता येत नव्हतं, पण डावं हा शब्द तिला कळत होता. आमच्याकडे देवीला कौल लावतात. काही अडलं की गुरव पाषाणाला पाण्याने पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि आपण हात जोडून वाट बघायची. उजव्या बाजूची पाकळी पडली तर काम होणार. डावी पडली तर नाही.

“रगताचो पण डावोच कौल,” ती म्हणाली.

मी म्हटलं, अगो, मशीनीचो कागद तो, देवीचो न्हय. पण ती दुसऱ्या दिवशी देवळात गेली. मी बरोबर गेलो नाही. माझा त्यावर विश्वास नाही असं नाही, पण तिथे उभं राहून वाट बघायचा मला कंटाळा आहे. दुपारी परत आली ती चेहरा धुतल्यासारखा करून. पहिल्यांदा डावी पडली होती. मग तिने मनातल्या मनात काहीतरी बोलून गुरवाला परत लावायला सांगितलं, आणि उजवी पडली. काय बोललीस, मी विचारलं.

“मी मासे सोडले,” ती म्हणाली. “नवी झडप बसवन घराक परत येयसर खावचंय नाय.”

दुसऱ्या गावच्या माणसाला हे काहीच वाटणार नाही. घरी परत येईपर्यंत मासे सोडले, मग काय झालं, भाजी खाईल. आमच्या घरात भाजी म्हणजे मासे नसलेल्या दिवशी तोंडी लावायची वस्तू. ती मासे विकणाऱ्या आईच्या पोटची. टोपली उतरल्यावर मासळीकडे न बघता नुसत्या वासावरून ती सांगायची की ही आजची की कालची. तिने मासे सोडले म्हणजे तिच्या ताटात पेज, लोणच्याची फोड आणि सोलकढी उरली. दूध तिला कधी पचलं नाही. डाळीने पोट फुगायचं, आधीच धाप. अंडं तिला लहानपणापासून ओकारी आणायचं.

मी विचारलं, मग मी पण सोडू का. खरं सांगायचं तर ते मी विचारायचं म्हणून विचारलं.

“तुमी कित्याक सोडतास? नवस माझो.”

मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आज किळस येते.

सहा महिने ती माझ्यासाठी मासे करत होती. बांगड्याचं तिखलं, पेडव्यांची कढी, कधी मुडदुशे तळून. साफ करायची, मसाला वाटायची, चुलीजवळ धापा टाकत बसायची. चव बघता यायची नाही म्हणून पळीच्या टोकावर रस घेऊन बाहेर यायची आणि माझ्या तळहातावर थेंब सोडायची, मीठ बघा म्हणायची. मी चाटून बघायचो. म्हणायचो, चिमूटभर हवं. ती आत जायची. मग मी जेवायचो आणि ती समोर बसून पेज प्यायची. काटे मी ताटाच्या कडेला लावायचो. एक दिवस तिची नजर त्या काट्यांवर होती. मी म्हटलं, काय गो. म्हणाली, काय नाय, नीट चोखल्यास नाय तुमी. मी हसलो. आणि उचलून परत चोखले.

मंजुरी आली आणि आम्ही निघालो. तळेऱ्याला गाडीवाला चहाला थांबला. ती उतरली नाही. मी चहा घेऊन तिच्या खिडकीशी आलो तर तिने माझं मनगट धरलं.

“थंय तुमका इचारल्यानी तर, खाता म्हणान सांगा.”

“काय खातंस?”

“मासे. नायतर ते माका काय काय भरवतले आणि नवस मोडात. उजवो दिलेलो कौल परत डावो जायत.”

मी म्हटलं बरं. चहा निवत होता.

इस्पितळात कापायच्या चार दिवस आधी जेवणाची चौकशी करणारी एक बाई फॉर्म घेऊन आली. बायकोला धाप होती म्हणून तिने मलाच विचारलं. जेवणात काय असतं, मासे, अंडी, मटण काही खातात का. मी नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझ्यातला मालवणी माणूस जागा झाला. मी म्हटलं, बाई, आमच्या बंदरावरच्या बाईला मासे खातेस का म्हणून विचारतात होय. दोन्ही वेळा. काटासुद्धा ठेवत नाही. पलीकडच्या खाटेवरचा माणूसही हसला. चौकशीवाल्या बाईने लिहून घेतलं. मग कागद चाळत स्वतःशीच म्हणाली की मग रक्तात प्रथिन इतकं कमी कसं येतंय. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. बायकोने डोळे मिटून घेतले होते, पण तिचे ओठ जरा सैलावले. सुटली असं तिला वाटलं असणार. मलाही वाटलं.

झडप बसली. उत्तम बसली, सगळे सांगत होते. धातूची असल्यामुळे तिच्या छातीला कान न लावताही शेजारी बसल्यावर बारीक ठोका ऐकू यायचा. मी मिस्त्री माणूस, ऐकून मला कळलं की काम साफ झालंय. पण बाकीचं धरेना. छातीवरची जखम बारा दिवस झाले तरी ओलीच. टाक्यातून पाणी यायचं. तोंडाला चव नाही, अंगावर सूज, दंड माझ्या दोन बोटांत मावेल असा. रोज रक्त, रोज रुटीन. मी विचारलं की रिपोर्ट काय म्हणतो, की डॉक्टर म्हणायचा, झडप छान चाललीये. मी झडपेचं विचारत नव्हतो.

तीन आठवड्यांनी घरी सोडलं. दारात पाऊल टाकल्याबरोबर म्हणाली, “घराक इलंय मां? आता पेडवे हाडा.”

मी जेटीवर गेलो. गुडघे दुखतात ते विसरून गेलो. ताजे पेडवे आणले, मीच साफ केले, मीच शिजवले, जसे जमले तसे. तिने पहिला घास घेतला. चावला. बराच वेळ तोंडात ठेवला. मग पदरात थुंकला आणि म्हणाली, लोखंडासारखो वास येता. मी म्हटलं, माझ्या हाताचो असात, अजून एक घे. नाही म्हणाली. ताटाकडे बघत राहिली, त्या काट्यांकडे बघितलं होतं तसं. मी ते ताट उचलून माडाच्या मुळाशी ओतलं. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. परत घाट चढलो. नवव्या दिवशी ती गेली. शेवटपर्यंत तो बारीक ठोका नीट चालला होता. इतका नीट की मला तो उपटून फेकावासा वाटला.

बाराव्यानंतर दुखवटा सोडायला भावकीने मासे आणले. रीत आहे. माझी थोरली बहीण चुलीशी बसली आणि बायकोच्याच तव्यावर बांगडे टाकले. तेल उडालं, वास घरभर झाला, आणि जेवायला बसलेली माणसं तो वास घेऊन सावरून बसली. बारा दिवस मासे नव्हते ना. कोणी म्हणालं, मसालो बरो पडलो. बहिणीने माझ्या ताटात एक मोठा घातला.

“खा रे. सोडूचो असता दुखवटो.”

मी एक घास तोडला. तो आत गेला नाही. मागच्या दाराने बाहेर जाऊन ओकलो. आत परत आलो तर सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. बायकोवर केदो जीव म्हणून एक जण दुसऱ्याला म्हणाला. शिरा पडली त्याच्या कौतुकावर. तो जीव नव्हता. ती किळस होती, माझी मला आलेली, आणि तिला लोक प्रेम म्हणत होते हे तर आणखी ओंगळ.

चार महिने असेच गेले. मग फोन आला. बाईचा आवाज, गोड नाही, कोरडा. इस्पितळातली डॉक्टर. म्हणाली, आम्ही एक अभ्यास करतोय, तुमच्या मिसेसची फाइल वापरायला तुमची सही हवी, पोस्टाने पाठवली तरी चालेल. मी म्हटलं, मीच येतो. का म्हटलं ते मला माहीत नाही. भांडायला असेल.

एसटीने तळेऱ्याला उतरलो, दुसरी गाडी धरली, घाट चढलो. इस्पितळाच्या दारातच तो वास, फिनेलचा आणि शिळ्या वरणाचा. बाकावर माणसं दंडावर कापूस दाबून बसलेली. डॉक्टर बाई चाळिशीची असेल, केसांत पांढरं, समोर फायलींचे ढीग, त्यात मला आमची फाइल रंगावरून ओळखू आली. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. दुःख झालं वगैरे म्हणाली नाही, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

मी विचारलं, कसला अभ्यास. तिने सोपं करून सांगितलं. झडप बदलायच्या आधी सगळ्यांचंच रक्त काढतात. वेगळी, महागडी अशी कुठली तपासणी नाही, सगळीकडे होते तीच. त्यातले दोन आकडे घ्यायचे. एक रक्तातल्या प्रथिनाचा, एक पांढऱ्या पेशींतल्या एका जातीचा. ते एकत्र मांडले की अंदाज येतो की ऑपरेशननंतर कोण तगेल आणि कोणाला धोका जास्त. हा अंदाज कितपत खरा ठरतो, ते जुन्या फायलींवरून बघायचं. म्हणजे पुढच्या माणसाच्या वेळी आधीच सावध होता येईल.

“म्हणजे रुटीनच्या रक्तावरून,” मी म्हटलं.

हो, म्हणाली. रुटीनच्याच.

मला हसू आलं, वाईट हसू. मी म्हटलं, मग माझ्या बायकोचे आकडे दाखवा. तिने फाइल उलटली, ऑपरेशनच्या आधीचा कागद काढला, बोट ठेवलं. दोन आकडे. पुढे L.

मी म्हटलं, हे डाव्या बाजूचं रक्त ना.

तिला कळेना. तिने मला परत विचारलं. मी परत सांगितलं, डब्यांचं, पार्टांचं. ती हसली नाही. म्हणाली, “नाही काका. L म्हणजे लो. कमी. दोन्ही कमी होते त्यांचे.”

सहा महिने ते अक्षर माझ्या खिशात होतं. मग माझा आवाज चढला. दोन्ही कमी होते तर कापलीत कशाला, मी म्हटलं. तुमच्यापाशी लिहिलेलं होतं. आमच्याकडे निदान पाकळी पडायची वाट बघतात, तुम्ही कागदावर डावा कौल बघून सुरी चालवलीत, आणि आता ती मेल्यावर अभ्यासाला बसलात. शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वर करून बघायला लागला. बाईने त्याला हाताने गप केलं.

ती म्हणाली, तेव्हा त्या डॉक्टरांनी काय विचार केला ते फायलीत आहे, वाचू का. मी म्हटलं, वाचा. तिने इंग्रजी बघून मराठीत सांगितलं. रक्तातलं प्रथिन कमी आहे. आहार चांगला, दोन्ही वेळा मासे, नवऱ्याने सांगितलं. म्हणजे कमी पडतंय ते खाण्याने नाही, हृदयाच्या आजाराने यकृतावर ताण येऊन. तेव्हा खाऊ घालत थांबण्यात अर्थ नाही, झडप लवकर बदललेली बरी.

काटासुद्धा ठेवत नाही, हे तिथे लिहिलेलं नव्हतं, पण मला ते ऐकू आलं.

मी विचारलं, आणि खात नसती तर.

“तर थांबले असते कदाचित. दोन-तीन आठवडे ठेवून घेतलं असतं, खाण्याकडे बघितलं असतं, मग रक्त परत बघितलं असतं.”

“आणि मग जगली असती?”

“ते मला सांगता येणार नाही. कोणालाच नाही. पुष्कळ माणसं एकत्र मोजली की कळतं, एका माणसाचं कळत नाही. नुसत्या मासे न खाण्याने हे होतं असंही नाही, काका. आजारही होताच.”

हे ऐकून माझं डोकं आणखी फिरलं. हो म्हणाली असती तर मी स्वतःला काय ते करून घेतलं असतं. नाही म्हणाली असती तर घरी जाऊन जेवलो असतो. हे मधलंच घेऊन माणसाने जायचं कुठे. मी म्हटलं, मग तुमचा आकडा चुलीत घाला. सहीचा कागद माझ्यासमोर होता, पेन त्याच्यावर ठेवलेलं.

सही करून उठता आलं असतं. तिला काही कळलं नसतं. मला घरी जायचं होतं, तिला सही हवी होती. पण मग ती दोन्ही वेळा मासे खाणारी बाई त्यांच्या मोजणीत गेली असती. पोटभर खाऊनही रक्त कमी, पोटभर खाऊनही मेली. आणि उद्या कोणाची तरी बायको अशीच कागद घेऊन खाटेवर पडली असती, आणि कोणीतरी म्हटलं असतं, खाण्याचा काही संबंध नाही, पूर्वीच्या फायलीतही तसंच दिसतं. नवस ती देवीला बोलली होती, तो देवीचा आणि तिचा. हे खोटं मात्र माझ्या तोंडचं होतं. तिने फक्त ‘खाता’ म्हणून सांगायला सांगितलं होतं. ‘दोन्ही वेळा’ हे मी घातलं. आणि तिला दिलेला शब्द मोडेल का, हेही माझ्या मनात आलं. मग वाटलं, मोडू दे. मोडायचं ते मोडून झालंय.

मी म्हटलं, “मासे खात नव्हती.”

“कधीपासून?”

“सहा महिने. आधीचे. अंडं नाही, दूध नाही. पेज प्यायची. मी खोटं बोललो.”

बाईने पेन उचललं. का, असं तिने विचारलं नाही. मीच सांगितलं, कौल, नवस, सगळं, आणि सांगताना मला कळत होतं की हिच्या लेखी आपण अडाणी ठरतोय. ठरू दे. ती ऐकत होती. मग म्हणाली, आहाराची नोंद बदलते, तुमच्या नावाने, आजची तारीख घालून. आणि विचारलं, घरात मासे शिजत नव्हते का.

शिजत होते, मी म्हटलं.

कोण करायचं?

तीच.

तिचं पेन थांबलं. म्हणाली, ते लिहायला यात जागा नाही काका. मी म्हटलं, कडेला लिहा. ती म्हणाली, त्याचा मोजणीत उपयोग होणार नाही. मी म्हटलं, तुमची मोजणी तुमच्यापाशी, तुम्ही कडेला लिहा, नाहीतर मी सही करत नाही. माझा आवाज परत चढला असणार, कारण शेजारचा माणूस पुन्हा बघायला लागला होता. तिने फाइल आडवी केली आणि बारीक अक्षरात समासात लिहिलं. तीन ओळी. इंग्रजीत.

वाचून दाखवा, मी म्हटलं. मराठीत.

तिने वाचलं. पेशंटने ऑपरेशनच्या आधी सहा महिने मासे, अंडी, दूध घेतलं नाही. या काळात घरात रोज मासे शिजत होते. ते पेशंट स्वतः शिजवत होती.

“पुढे?” मी विचारलं.

“एवढंच सांगितलंत तुम्ही.”

“पुढे लिहा. नवरा खात होता.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग लिहिलं. मी सही केली.